बॉब स्टील आणि कमी खर्चाचे वेस्टर्नपट: ही कारकीर्द मोजायची कशी?

साखळीकर:

नमस्कार. फोंड्यात आम्ही काही मंडळी एक लहानसे चित्रपट मंडळ चालवतो. एका वाचनालयाच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून जुना चित्रपट दाखवायचा आणि नंतर त्यावर मोकळेपणाने बोलायचे, एवढाच त्याचा पसारा आहे. पुढील कार्यक्रमासाठी वेस्टर्नपट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातले काउबॉयपट, हा विषय ठरला आहे; परंतु जॉन फोर्ड, हॉवर्ड हॉक्स यांच्या नावाजलेल्या चित्रपटांवर पुष्कळ लिहून-बोलून झालेले असल्यामुळे, त्याच काळात हॉलिवूडच्या छोट्या कंपन्यांनी ज्यांचा अक्षरशः रतीब घातला, त्या तासाभराच्या, कमी खर्चाच्या ‘बी वेस्टर्न’ चित्रपटांतील एका नटाची कारकीर्द समोर ठेवून बोलावे, असा माझा विचार आहे.

हा नट म्हणजे बॉब स्टील. मूळ नाव रॉबर्ट ब्रॅडबरी, जन्म १९०७ सालचा, ओरेगन राज्यातील पोर्टलंडचा. वडील रॉबर्ट नॉर्थ ब्रॅडबरी हे स्वतः दिग्दर्शक होते आणि त्यांनी बॉब व त्याचा जुळा भाऊ बिल या दोन मुलांना घेऊन १९२० च्या सुमारास रानावनातल्या साहसांचे लघुपटही काढले होते. १९२७ साली ‘द मोहावी किड’ या मूकपटात तो नायक झाला आणि पुढे १९४६ पर्यंत एफबीओ, टिफनी, मोनोग्राम, सुप्रीम, रिपब्लिक, पीआरसी अशी कंपन्यांची दारे बदलत तो घोड्यावर बसत राहिला. त्यानंतर मात्र तो मारेकरी, गुंड, शिपाई, पहारेकरी अशा भूमिकांत दिसू लागतो आणि १९७३ पर्यंत दिसत राहतो. कित्येक ठिकाणी तर श्रेयनामावलीत त्याचे नावसुद्धा नाही.

मी त्याला प्रथम पाहिले ते हॉवर्ड हॉक्सच्या ‘द बिग स्लीप’ (१९४६) मध्ये, कॅनिनो नावाच्या मारेकऱ्याच्या भूमिकेत. हाच माणूस कधीकाळी शंभराहून अधिक चित्रपटांचा नायक होता, हे नंतर वाचले तेव्हा नवल वाटले. माझी शंका अशी की या नटांचा व्यवहार नेमका कसा चाले? वर्षाला आठ-आठ चित्रपटांत नायक असूनही त्यांच्यातले फारच थोडे श्रीमंत झाले, हे कसे? आणि नायकपद सुटल्यानंतरच्या त्याच्या पंचवीसेक वर्षांकडे उतरती कळा म्हणून पाहावे की आणखी कशा दृष्टीने? कार्यक्रमात कोणते चित्रपट दाखवावेत, याविषयी सूचना असतील तर त्याही हव्या आहेत.


मडगावचा वितरक:

साखळीकरबाब, विषय चांगला काढलात. मी हिंदी चित्रपटांच्या वितरणात उमेदवारी केलेला माणूस असल्यामुळे उत्तराची सुरुवात गल्ल्यापासून करतो. या नटांची कारकीर्द पडद्यावरून जितकी उलगडते, त्याहून अधिक ती वितरकाच्या खतावणीवरून उलगडते, असे माझे मत आहे.

त्या काळी एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, फॉक्स आणि आरकेओ या बड्या कंपन्यांची स्वतःची चित्रपटगृहे होती आणि देशभर शाखा होत्या. हॉलिवूडमधल्या गोवर स्ट्रीटच्या आसपास भाड्याच्या जागेत बस्तान मांडलेल्या छोट्या कंपन्यांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी चित्रपट तयार केला, की देशाचे प्रदेश पाडून प्रत्येक प्रदेशाचे हक्क तिथल्या स्थानिक वितरकाला ठरावीक रकमेला विकायचे, अशी रीत होती. आपल्याकडे टेरिटरीची वाटणी कशी असते आणि गोवा मुंबई सर्किटमध्ये कसा मोडतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही पद्धत लगेच कळेल. हा व्यवहार बहुतांशी आउटराइट, म्हणजे एकरकमी विक्रीचा, होता. टक्केवारी नाही, ओव्हरफ्लो (ठरल्यापेक्षा जास्त झालेल्या कमाईतला वाटा) नाही. पुढे वितरकही चित्रपटगृहाकडून ठोक भाडेच घेई, कारण मंदीच्या काळात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा रूढ झाली होती आणि तिकीटविक्रीतला हिस्सा बहुधा पहिल्या, मोठ्या चित्रपटाकडे जात असे. दुसऱ्याने जागा भरून काढायची.

आता याचा परिणाम पाहा. चित्रपट कितीही चालला तरी निर्मात्याच्या हातात वरचा पैसा येत नाही आणि अगदीच पडला तरी आधी ठरलेली रक्कम बुडत नाही. उत्पन्नाचा आकडा असा आधीच बांधला गेला की नफा वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खर्च आवळणे. पाच-सहा दिवसांचे चित्रीकरण, पंचावन्न ते साठ मिनिटांची लांबी आणि शक्य तिथे पहिलाच टेक पक्का, ही सगळी त्याच हिशेबाची पिल्ले आहेत. रात्रीचे प्रसंगसुद्धा भर उन्हात भिंगापुढे फिल्टर लावून घेत, कारण माळरानावर दिवे आणि जनरेटर नेणे परवडत नसे. चॅट्सवर्थजवळच्या आयव्हर्सन रँचवर शेकडो वेस्टर्नपट झाले, त्याचे एक कारण तिथले देखणे खडक हे आहेच. पण सकाळी हॉलिवूडहून निघालेले युनिट संध्याकाळी घरी परत येऊ शकते, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो, हे कारण निर्मात्याच्या लेखी अधिक मोलाचे होते.

काटकसरीचे एक उदाहरण तुम्ही कार्यक्रमात अवश्य सांगावे. १९३२-३३ मध्ये वॉर्नरने जॉन वेनला घेऊन सहा वेस्टर्नपट काढले, तेव्हा घोड्यांची धावपळ, गुरांचे बिथरलेले कळप वगैरे खर्चीक दृश्ये पुन्हा चित्रित न करता, आधीच्या काळात केन मेनार्डने केलेल्या मूकपटांतून ती उचलली. ती दृश्ये जुळावीत म्हणून वेनला मेनार्डसारखे कपडे चढवले आणि मेनार्डच्या टार्झन या घोड्यासारखा दिसणारा घोडा दिला. दुरून दौडणारा मेनार्ड, जवळून बोलणारा वेन, आणि मधे नुसती कात्री! मूकपटांतली हालचाल किंचित वेगाने होते, तेवढ्यावरून सांधा ओळखता येतो.

अशा व्यवहारात नायकाची किंमत कशाची असते? त्याच्या नावाची, आणि ते नाव वेळेवर हजर राहण्याची. निर्माता हंगामाच्या सुरुवातीलाच ‘बॉब स्टीलचे आठ चित्रपट’ असा संच वितरकांना विकून टाकी. त्यांतल्या एकाचीही कथा तेव्हा लिहिलेली नसे. म्हणजे शीर्षके गौण, नाव हाच शिक्का. नटाला मोबदला चित्रपटामागे किंवा आठवड्याच्या हिशेबाने मिळे आणि वाटा कशातच नसे. १९३५ साली हर्बर्ट येट्स या फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेच्या मालकाने, त्याच्याकडे उधारी थकलेल्या छोट्या कंपन्या एकत्र करून रिपब्लिक उभी केली. धंद्यात खरा सावकार कोण असतो, हे यावरून ध्यानात यावे! स्टीलचे सुप्रीम कंपनीचे चित्रपटही पुढे याच रिपब्लिकमार्फत बाजारात येऊ लागले.

नाव हा शिक्का असला तरी तो बदलता येतो, हेही लक्षात ठेवा. १९४०-४१ मध्ये पीआरसीसाठी स्टीलने बिली द किड या दंतकथा बनलेल्या बंडखोराची भूमिका सहा चित्रपटांत केली. त्यानंतर तो रिपब्लिकच्या ‘थ्री मेस्किटिअर्स’ या मालिकेत रमला आणि पीआरसीने त्याच्या जागी बस्टर क्रॅबला आणले. हा क्रॅब म्हणजे १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवलेला गडी. नायक बदलला, बिली तोच राहिला, आणि त्याचा विनोदी साथीदार फझी झालेला अल सेंट जॉनही जागचा हलला नाही.

शेवटही गल्ल्यानेच केला. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बड्या कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, चित्रपटांचे गठ्ठे गळ्यात मारण्याची पद्धत मोडली, युद्धानंतर मजुरीचे दर वाढले आणि टेलिव्हिजनवर तोच माल घरबसल्या फुकट दिसू लागला. १९५४ पर्यंत या मालिका आटोपल्या. स्टील त्याआधीच बाहेर पडला होता.


रंगपट, म्हार्दोळ:

वितरकबाबांनी व्यवहार इतका नेमका मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी नाटकातली असल्यामुळे नटाच्या बाजूने लिहिते, आणि साखळीकरबाबांच्या प्रश्नातील एका गृहीतकाला हरकत घेते. नायकपद सुटले आणि मग दुय्यम भूमिका सुरू झाल्या, असा क्रम तुम्ही धरला आहे. तारखा तसे सांगत नाहीत.

स्टाइनबेक यांच्या कादंबरीवरचा, लुइस माइलस्टोन दिग्दर्शित ‘ऑफ माइस अँड मेन’ १९३९ चा आहे. त्यात मळेमालकाचा मुलगा कर्ली ही भूमिका स्टीलची आहे. त्या वर्षी तो वेस्टर्नपटांचा नायक होता आणि पुढेही सात वर्षे राहिला. म्हणजे एकीकडे मुलांच्या टाळ्या घेणारा घोडेस्वार आणि दुसरीकडे मोठ्यांच्या चित्रपटातला चिडखोर, कुढा माणूस, अशी दोन्ही कामे तो एकाच वेळी करत होता. ही दुसरी वाट त्याने वेळेवर पाडून ठेवली होती.

कर्लीसाठी तो का शोभला, हे समजून घेण्यासाठी त्याची अंगकाठी पाहावी लागेल. स्टील ठेंगणा होता. वेस्टर्नपटात नायक म्हणजे ताडमाड, हा संकेत त्याला लागू पडत नव्हता, म्हणून त्याने चपळाईचा आधार घेतला. त्याच्या मारामाऱ्या पाहा: समोरचा गडी हातभर उंच असतो, स्टील धावत येऊन अंगावर झेपावतो, मुठी इतक्या भराभर चालतात की मोजता येत नाहीत, आणि टोपी उडाली तरी तो थांबत नाही. त्याचे ‘बॅटलिंग बॉब’ हे नाव याच मारामाऱ्यांवरून पडले. कर्ली हाही ठेंगणा, मुष्टियुद्धाचा शौकीन आणि धिप्पाड माणसांचा द्वेष करणारा. जे अंग वेस्टर्नमध्ये शौर्याचे चिन्ह होते, तेच माइलस्टोनने न्यूनगंडाचे चिन्ह म्हणून वापरले. नटाने अंग बदलले नाही, फक्त त्यातला आनंद काढून घेतला.

आता कॅनिनो. ‘द बिग स्लीप’ मधला तो प्रसंग कार्यक्रमात दोनदा दाखवावा, असे मी सुचवीन. हम्फ्री बोगार्टने रंगवलेला खासगी गुप्तहेर मार्लो अंधाऱ्या शेजारच्या खोलीत उभा राहून ऐकतो आहे आणि आत कॅनिनो एलिशा कुक यांनी रंगवलेल्या जोन्स नावाच्या किरकोळ माणसाकडून एक पत्ता काढून घेतो आहे. आवाज चढत नाही. पत्ता मिळाल्यावर तो जोन्सला पेय देतो, जणू आता सगळे मिटले, आणि त्या पेयात विष असते. आरडाओरड नाही, झटापट नाही. ज्या नटाची वीस वर्षांची सगळी पुंजी धावणे, झेपावणे आणि मुठी आवळणे ही होती, तो येथे जवळजवळ स्थिर उभा राहतो. दाबून ठेवलेल्या हालचालीची भीती वाटते ती त्यामुळेच, कारण पाहणाऱ्याला त्या देहातला वेग जाणवत राहतो. हॉक्सने त्याला पुढे ‘रिओ ब्रावो’ (१९५९) आणि ‘रिओ लोबो’ (१९७०) या चित्रपटांतही घेतले, ते उगाच नव्हे.

या नटांना अभिनय येत नव्हता, असे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. आमच्या पेडण्याकडच्या दशावतारात आख्यान ठरलेले, संकासुराची एंट्री ठरलेली, लिहिलेली संहिता मात्र हाती नाही. तरीही रात्रीमागून रात्री उभा राहणारा कलाकार कुठे थांबायचे आणि कुठे ओढायचे हे जाणतो. स्टीलच्या चित्रपटांत बापाच्या खुनाचा सूड ही कथा इतक्या वेळा येते की बाप दिसला की तो पहिल्या दहा मिनिटांत मरणार, हे लहान मुलेही ओळखत असतील. (त्यातले पुष्कळ चित्रपट त्याच्या खऱ्या बापानेच दिग्दर्शित केले आहेत, ही एक मौज.) ठरीव साच्यात वर्षानुवर्षे उभे राहण्याचे शिक्षण असते आणि ते वाया जात नाही.

मारामारीच्या तंत्राबद्दल एक गोष्ट. पूर्वी खोट्या मारामारीत नट एकमेकांच्या खांद्यावर खरोखर ठोसे मारीत. १९३३ ते ३५ च्या दरम्यान मोनोग्रामसाठी निघालेल्या लोन स्टार चित्रपटांत थोरले ब्रॅडबरी, जॉन वेन आणि स्टंटमन याकिमा कनुट यांनी कॅमेऱ्याची जागा अशी ठरवायला सुरुवात केली की चेहऱ्यासमोरून हवेत गेलेली मूठ बसल्यासारखी दिसावी. मार खाणाऱ्याने त्याच क्षणी मान झटकायची आणि आवाज मागून भरायचा. या तंत्राचे श्रेय त्यांनाच दिले जाते. आज जगभरच्या चित्रपटांत जी मारामारी होते, ती याच युक्तीवर चालते. कनुटला पुढे सन्माननीय ऑस्कर मिळाले. कमी पैशांच्या चित्रपटांनी मोठ्या चित्रपटांना काय दिले, असे कोणी विचारले तर मी हे पहिल्यांदा सांगेन.


अर्धवेळ प्रेक्षक, डिचोली:

वरची दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण रंगपटबाय, तुमच्या उत्तरात थोडा गोडवा जास्त झाला, असे वाटते. स्टील तगला, म्हणून त्याची कथा सुखाची वाटते. त्याच्याबरोबर त्याच चित्रपटांत उभे असलेल्या इतरांकडे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते.

‘थ्री मेस्किटिअर्स’ मालिकेत स्टीलच्या खांद्याला खांदा लावून टॉम टायलर होता. १९४१ सालच्या कॅप्टन मार्व्हलच्या चित्रमालिकेचा नायक तोच, आणि ‘स्टेजकोच’ मध्ये शेवटी जॉन वेनशी ज्यांची गाठ पडते, त्या भावांपैकी एक तोच. सांध्यांच्या दुखण्याने त्याचे शरीरच आखडत गेले, कामे आटली आणि १९५४ साली पन्नाशीतच, मिशिगनमध्ये बहिणीच्या घरी तो वारला. वितरकबाबांनी ज्याच्या दृश्यांची कात्री सांगितली, तो केन मेनार्ड एकेकाळी मोठे मानधन घेणारा नट होता. दारूने आणि तापटपणाने त्याचे पुष्कळ नुकसान केले आणि अखेरची वर्षे त्याने एका ट्रेलरमध्ये काढली. मोनोग्रामच्या ‘ट्रेल ब्लेझर्स’ मालिकेत १९४४ साली मेनार्ड, हूट गिब्सन आणि स्टील असे तिघे एकत्र होते. तिघांत तरुण स्टीलच. गिब्सन पुढे लास व्हेगासच्या कसिनोत येणाऱ्यांचे स्वागत करण्याची नोकरी करत होता. आपल्या गोव्यात कसिनोच्या दारात उभी राहणारी पोरे पाहिली की मला कधी कधी त्याची आठवण येते.

साखळीकरांनी विचारले आहे की हे लोक श्रीमंत का झाले नाहीत. वितरकबाबांनी चित्रपटगृहाचा हिशेब सांगितला. खरा घाव त्यानंतर बसला. १९५० नंतर हे सगळे जुने चित्रपट टेलिव्हिजनवर अहोरात्र चालू लागले. स्टील, टायलर, मेनार्ड पुन्हा घराघरांत पोहोचले, आणि त्याबद्दल त्यांच्या हाती काहीच पडले नाही. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने १९६० साली संप केला, तेव्हा तिचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होते. समझोता झाला तो असा की १९६० पासून पुढे निघालेल्या चित्रपटांच्या टेलिव्हिजन प्रक्षेपणाबद्दल नटांना पुनर्मोबदला मिळेल. त्याआधीच्या चित्रपटांसाठी मात्र निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेत एकरकमी भर घातली गेली, वैयक्तिक पैसा नाही. म्हणजे ज्यांचे नायकपणाचे सगळे दिवस १९६० पूर्वीच सरले होते, त्यांचा हक्क एका तारखेने कापला.

ज्यांनी मालकी मिळवली, ते मात्र सुटले. पडद्यावर हॉपलाँग कॅसिडी हा काउबॉय रंगवणाऱ्या विल्यम बॉइडने होती नव्हती ती पुंजी घालून आपल्या जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले आणि १९४९ पासून टेलिव्हिजनने त्याला मालामाल केले. गाणारा काउबॉय जीन ऑट्री याने स्वतःची निर्मितिसंस्था, रेडिओ केंद्रे आणि पुढे बेसबॉलचा संघही घेतला. घोडा चांगला चालवणारे शंभर होते, कागदावर सही करताना डोळे उघडे ठेवणारे दोघे-चौघे.

आपल्या मंडळात कोणी ‘आपल्याकडे असे होते का’ असे नक्की विचारील. मास्टर विठ्ठल यांचे नाव सांगा. मूकपटांच्या काळातला हा मराठी साहसनायक १९३१ मध्ये ‘आलम आरा’चा, म्हणजे पहिल्या हिंदी बोलपटाचा नायक झाला, मात्र बोलपटाने त्यांना फारशी साथ दिली नाही आणि उत्तरायुष्यात ते मराठी चित्रपटांतल्या लहान भूमिकांत दिसत राहिले. भगवानदादांनीही ‘अलबेला’पूर्वी कमी खर्चाच्या मारधाडपटांवरच दिवस काढले होते, आणि अखेर दादरच्या चाळीत झाली. १९४६ नंतर स्टीलला सतत कामे मिळाली, यात त्याचे गुण आहेत, हे मान्य; पण निरोगी सांधे, ताब्यात असलेली सवय आणि कामावर बोलावणारे जुने ओळखीचे लोक हेही त्याच्या बाजूला होते, एवढे कार्यक्रमात सांगावे.


रंगपट, म्हार्दोळ:

मान्य. पुनर्मोबदल्याची बाजू माझ्या लक्षात आली नव्हती आणि ती महत्त्वाची आहे. तरी एक भर घालते. १९६५ ते ६७ या काळात एबीसी वाहिनीवर ‘एफ ट्रूप’ नावाची विनोदी मालिका होती. तीत स्टीलने डफी नावाचा म्हातारा शिपाई रंगवला. हा डफी येता-जाता अ‍ॅलामोच्या वेढ्यात (टेक्सासमधली १८३६ ची प्रसिद्ध लढाई) आपण डेव्ही क्रॉकेटच्या शेजारी कसे लढलो, हे ऐकवतो आणि त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. एकेकाळच्या काउबॉय नायकाला ही भूमिका देणे ही निर्मात्यांची थट्टा होती, पण ती त्याने स्वतः मजेत चालवली आहे. नोकरी म्हणूनही ती चांगलीच होती: दर आठवड्याला काम, आणि स्टुडिओ वॉर्नरचा. कारकिर्दीची कळा उतरती की चढती, हे ठरवताना ज्याची कारकीर्द आहे त्याला रोज सकाळी कामावर जायला मिळत होते का, हेही विचारात घ्यावे, असे मला वाटते.


साखळीकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेचा आराखडा जवळजवळ तयार झाला. १९३९ ते १९४६ ही दुहेरी वर्षे हा कार्यक्रमाचा कणा ठेवीन, आणि पुनर्मोबदल्याचा मुद्दा शेवटाकडे घेईन. आता फक्त दाखवण्याचा प्रश्न राहिला. आमच्याकडे वेळ एकूण अडीच तास आहे, त्यातला एक तास चर्चेचा. पूर्ण लांबीचा एक चित्रपट आणि काही तुकडे, असे बसेल का? आणि हे चित्रपट इंटरनेटवर सहज मिळतात, ते सार्वजनिकपणे दाखवणे रीतसर आहे का?


मडगावचा वितरक:

बसेल. पूर्ण चित्रपट म्हणून ‘स्मोकी स्मिथ’ (१९३५) घ्या. लांबी तासाभराच्या आत आहे, दिग्दर्शक थोरले ब्रॅडबरी आहेत, कथा आईबापांच्या हत्येच्या सुडाची आहे, म्हणजे रंगपटबायनी सांगितलेला साचा जसाच्या तसा सापडतो. शिवाय त्यात दरोडेखोर झालेला जॉर्ज हेज पुढे ‘गॅबी’ हेज म्हणून नायकाचा विनोदी साथीदार झाला. एका साच्यातला नट दुसऱ्या साच्यात कसा गेला, याचे आणखी एक उदाहरण हाताशी येईल. त्यानंतर कॅनिनोचा प्रसंग आणि डफीचे दोन-तीन तुकडे दाखवले की माणसाचे वय आणि काम दोन्ही एका बैठकीत दिसेल.

हक्कांबद्दल: अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या चित्रपटांना पहिल्या अठ्ठावीस वर्षांनंतर स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे. छोट्या कंपन्या तोवर बंद पडलेल्या किंवा विकल्या गेलेल्या असल्यामुळे त्यांच्या अनेक चित्रपटांचे नूतनीकरण झालेच नाही, म्हणून ते आज मोकळे आहेत आणि जागोजागी सापडतात. बड्या कंपन्यांनी आपले कागद सांभाळले; त्यामुळे ‘द बिग स्लीप’ संपूर्ण दाखवायचा विचार असेल तर आधी परवानगीचे पाहा. विवेचनासाठी लहानसा तुकडा दाखवणे ही वेगळी बाब आहे, तरी वाचनालयाच्या कार्यवाहांना आधी कल्पना देऊन ठेवा.

प्रत निवडताना मात्र घाई करू नका. टेलिव्हिजनच्या एक तासाच्या चौकटीत बसवण्यासाठी असे पुष्कळ चित्रपट चोपन्न मिनिटांच्या आसपास कापले गेले आणि त्याच कापलेल्या प्रती पुढे सर्वत्र पसरल्या. कापताना पहिला बळी विनोदी प्रसंगांचा आणि गाण्यांचा गेला. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती उतरवून लांबी ताडून पाहा आणि सर्वांत लांब असेल ती घ्या. काही वेस्टर्नपटांना नंतरच्या काळात कोणीतरी सिंथेसायझरचे संगीत चिकटवले आहे. मूळ चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नसतेच, नुसता टापांचा आणि वाऱ्याचा आवाज असतो. ते चिकटवलेले संगीत ऐकू आले की ती प्रत बाजूला ठेवा. सभागृहातले स्पीकर चांगले असतील तर संवादाच्या खाली मायक्रोफोनची खरखर येईल, ती येऊ द्या, आणि पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांना ती आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते प्रोजेक्टर बिघडला म्हणून उठतील.